घशात अडकलेला घास आणि 'हे आपल्याकडे आधीच होतं'

जेवताना लहान मुलाला ठसका लागला की घरात काय होतं ते आठवा. कुणी "वर बघ, वर बघ" म्हणतं, कुणी डोक्यावर टपली मारतं, कुणी पाठीवर थापटतं, आजी पाण्याचा तांब्या पुढे करते. माशाचा काटा असेल तर भाताचा गोळा किंवा केळं न चावता गिळायला लावतात. आता समजा, याच मदतीचा इतिहास तुम्हाला लिहायचा आहे. सुरुवात कुठून कराल?

मी हा विषय मुद्दाम घेतलाय. संशोधनाच्या सुरुवातीला आपल्यापैकी बरेच जण जी चूक करतात, ती इथे स्वच्छ दिसते.

बहुतेक जण सुश्रुतसंहितेपासून सुरुवात करतील. त्यात काही गैर नाही. निर्णयसागर छापखान्याने मुंबईत १९१५ साली यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली, डल्हणाच्या टीकेसह आवृत्ती छापली. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शरीरात रुतलेल्या वस्तू, म्हणजे शल्य, कशा काढायच्या ते सांगितलंय. घशात लाख अडकली तर नळी घालायची, तिच्यातून तापवलेली सळई आत न्यायची, लाख सळईला चिकटली की गार पाण्याने थिजवायची आणि ओढून काढायची. हाड किंवा काटा असेल तर दोऱ्याला बांधलेला केसांचा पुंजका पातळ अन्नाबरोबर गिळायला द्यायचा, उलटी काढायची आणि दोरा ओढायचा. आणि घास अडकला असेल तर? रोग्याला कळू न देता खांद्यावर मूठ मारायची, नाहीतर तेल-तूप, मद्य किंवा पाणी पाजायचं.

हे वाचलं की लगेच हात शिवशिवतात. पाठीवर थाप मारण्याचा प्रथमोपचार आज जगभर शिकवतात, मग 'हे आपल्याकडे आधीच होतं' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. थांबा. तीन प्रश्न विचारा.

पहिला: कृती सारखी दिसते, पण तिच्यामागचा विचारही सारखा आहे का? आजची थाप दोन खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये मारतात, छातीत दाब वाढावा आणि अडकलेली वस्तू बाहेर फेकली जावी म्हणून. सुश्रुताची मूठ खांद्यावर आहे आणि तिच्यात भर आहे तो रोगी बेसावध असण्यावर. दचकवणं आणि दाब निर्माण करणं या दोन वेगळ्या कल्पना आहेत.

दुसरा: उरलेल्या अर्ध्या वाक्याचं काय? त्याच ठिकाणी पाणी, तेल, मद्य पाजायलाही सांगितलंय. श्वास अडकलेल्या मुलाच्या तोंडात आज कुणीही काही ओतू नये. पटेल तेवढं उचलायचं आणि नडेल ते गाळायचं, याला इतिहास म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. उलट, सगळ्यालाच हसून बाजूला सारणं हाही आळसच. केसांचा पुंजका दोऱ्याला बांधणाऱ्या माणसाने काटा कसा रुततो याचा बारकाईने विचार केला होता.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: इथे नाही कोण? त्या उताऱ्यात मूल वेगळं असं येतच नाही. मग 'मुलांना मदत करण्याचा इतिहास' त्यातून थेट कसा काढणार?

आता दुसरं टोक बघू. आधुनिक म्हणजे पक्कं, असंही नसतं. अमेरिकी शल्यचिकित्सक हेन्री हाइमलिक यांनी १९७४ साली पोटावर मागून दाब देण्याची पद्धत मांडली. आधार होता भूल दिलेल्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांचा, नंतर लोकांकडून आलेल्या अनुभवांचा. पाठीवर थाप मारल्याने वस्तू आणखी खोल जाते, असा प्रचार त्यांनी वर्षानुवर्षं केला. १९८५ साली अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप, जे स्वतः बालशल्यचिकित्सक होते, त्यांनी हाइमलिकचीच पद्धत योग्य असल्याचं जाहीर केलं. युरोपात मात्र पाठीवरची थाप टिकून राहिली. पुढे २००६ साली अमेरिकन रेड क्रॉसने ती परत आणली आणि २०२५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननेही. म्हणजे आजी जे करत होती ते चाळीस वर्षं काही पुस्तकांत चूक होतं आणि मग पुन्हा बरोबर ठरलं. आजी तीच होती. बदलत गेलं ते पुरावा कशाला म्हणायचं आणि तो ठरवायचा कुणी, हे. तुमच्या संशोधनाचा प्रश्न तिथे आहे.

मग आपल्या छत्रपती संभाजीनगरात हा इतिहास कुठे सापडेल? शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचं, ज्याच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं, त्याआधी हे महाविद्यालय आपल्याच विद्यापीठाशी संलग्न होतं. तेव्हा कान-नाक-घसा विभागाचे जुने प्रबंध शोधायला सुरुवात इथल्या ग्रंथालयातूनच करा. १९४८ पूर्वीचं हवं असेल तर निझामी दप्तर हैदराबादला आणि बरंचसं उर्दूत, म्हणजे लिपी शिकायची तयारी ठेवा.

या कागदांत तुम्हाला वस्तू भेटतील. इथे हाली सिक्का चालायचा, मग १९५७ पासून नवे पैसे आले. सीताफळाची बी, चिंचोका, शेंगदाणा, सेफ्टी पिन, आणि आता खेळण्यातली बटणासारखी बॅटरी. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन या डॉक्टरांनी रुग्णांच्या घशातून आणि छातीतून काढलेल्या २,३७४ वस्तू जपून ठेवल्या, त्या फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहेत. वस्तू जपल्या जातात, नोंदल्या जातात. पण "आई, घशात काहीतरी अडकलंय" हे मुलाचं वाक्य नोंदवहीत क्वचितच उतरतं. आणि वस्तू सापडली नाही तर ते मूल कागदावरून जवळजवळ नाहीसंच होतं.

खरं तर काही न सापडणं हीसुद्धा खरी तक्रार असते. काटा निघून गेला तरी ओरखडा टोचत राहतो. भीतीनेही घसा आवळतो. घशात गोळा असल्यासारखं वाटणं याला युरोपीय वैद्यकात शतकानुशतकं 'हिस्टेरिया'चं नाव चिकटलेलं होतं. १९६८ मध्ये माल्कमसन यांनी ते बदलून घशाशी जोडलेलं साधं नाव सुचवलं. नाव बदललं तेव्हा रुग्णावरचा संशय थोडा कमी झाला.

विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा. मूल खोकत, बोलत, रडत असेल तर त्याला खोकू द्या, जवळ थांबा. आवाजच निघत नसेल तर १०८ ला फोन करायला सांगा आणि लगेच पाठीवर, खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा, मग पोटावर पाच दाब, वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून. बाळ वर्षाच्या आतलं असेल तर पोटावर नाही, छातीवर दाब. मूल निपचित पडलं तर छाती दाबून पुनरुज्जीवन सुरू करा. तोंडात दिसत नसताना बोट घालू नका. केळं, भाताचा गोळा नको. बॅटरी गिळल्याची शंका आली तरी वाट बघू नका, दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. आणि मूल नीट श्वास घेतंय, पण "अडकलंय" म्हणतंय, तर डॉक्टरला दाखवा. माशाचा काटा क्ष-किरणात दिसेलच असं नाही.

पुढच्या वेळी मार्गदर्शकांसमोर 'हे आपल्याकडे आधीच होतं' असं म्हणावंसं वाटलं, की आधी बघा: ते कुणी सांगितलं, कशाच्या आधारावर, आणि ज्याच्या घशात अडकलंय त्याचं म्हणणं कुणी लिहून ठेवलंय का. बहुतेक वेळा ठेवलेलं नसतं. तुमचं काम तिथून सुरू होतं.