फिओना, रमाई आणि त्यागाचा हिशेब

आजचा भाग वाचणाऱ्यांसाठी इथे लिहून देतोय.

‘श्रेक’ बघितलाय ना? 2001 चा पहिला सिनेमा आठवा. फिओना दिवसा राजकन्या, रात्री राक्षसीण. प्रेमाच्या चुंबनानं शाप सुटतो आणि ती कायमची राक्षसीण होते. राजवाडा गेला, दलदलीतलं घर आलं. 2004 च्या दुसऱ्या भागात श्रेक तिच्यासाठी जादूचं औषध पितो, देखणा होतो. पण शेवटी ते देखणं रूप नाकारून पुन्हा त्याच्याच जगात जाते ती फिओना. आणि 2010 च्या चौथ्या भागात तीन लेकरांच्या संसाराला कंटाळतो कोण? श्रेक! एक दिवस मोकळं जगता यावं म्हणून तो करारावर सही करतो. म्हणजे सोडलं दोघांनीही, पण सारखं नाही.

परीकथेत हा फरक गोड शेवटाखाली झाकला जातो. आपल्या इतिहासात मात्र एका नवऱ्यानं तो स्वतः लिहून ठेवलाय. बाबासाहेब आंबेडकरांनी.

1906 मध्ये भीमराव आणि रमाबाईंचं लग्न झालं. ती दापोलीजवळच्या वणंद गावची, वय आठ-नऊ वर्षं. तोही शाळकरी पोरगाच. फिओनाला निदान निवड होती, रमाईला कुणी विचारलंच नाही. त्या काळी विचारायची पद्धतच नव्हती.

पुढे 1913 ते 1917 आणि 1920 ते 1923, मिळून सातेक वर्षं बाबासाहेब न्यूयॉर्क आणि लंडनला शिकत होते. तिकडे त्यांनीही कमी सोसलं नाही. अर्धपोटी राहून अभ्यास केला. पण त्या कष्टातून पदव्या मिळाल्या, नाव झालं. इकडे मुंबईत रमाई शेणाचे भारे डोक्यावर वाहत होती. पाच लेकरांपैकी चार गेली, एकटे यशवंत वाचले. तिच्या कष्टाला कुठली पदवी मिळणार?

1928 मध्ये ‘बहिष्कृत भारत’मध्ये बाबासाहेबांनी हेच मांडलं. आपण परदेशात असताना प्रपंच तिनं ओढला, शेणाचे भारे वाहिले, आणि परत आल्यावर आपण तिला दिवसातला अर्धा तासही देऊ शकत नाही, असा त्याचा आशय. शंभर वर्षांपूर्वी एक पुढारी स्वतःच्या वर्तमानपत्रात बायकोचं देणं जाहीरपणे कबूल करतोय, हे साधं नाही. पण कबुलीनं वेळ परत येत नाही. 27 मे 1935 ला रमाई राजगृहात गेली, चाळिशीही न गाठता. 1940 मध्ये पाकिस्तानच्या प्रश्नावरचं पुस्तक बाबासाहेबांनी तिच्या स्मृतीला अर्पण केलं.

आता कुणी म्हणेल, तिचा त्याग समाजासाठी होता, मग हिशेब कशाला? हिशेब यासाठी की, समाजाचं काम दोघांनी केलं असेल तर खातं दोघांच्या नावावर पाहिजे. एकाला ‘कर्तृत्व’ आणि दुसरीला नुसती ‘साथ’ म्हणून कसं चालेल?

बाबासाहेब कायदेमंत्री असताना हिंदू कोड बिलात बायकांचा वारसाहक्क आणि घटस्फोट हे कायद्यानं मिळणारे हक्क म्हणून मांडले गेले, नवऱ्याच्या मेहेरबानीवर सोडले नाहीत. बिल अडकलं. 1951 मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. आणि 1954 मध्ये ते लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले कुठून? भंडाऱ्यातून! गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता. आपला वेगळा जिल्हा झाला 1 मे 1999 ला. ती निवडणूक ते हरले.

7 फेब्रुवारीला रमाई जयंतीचे स्टेटस आपण सगळेच टाकतो. या वेळी टाकताना घरातल्या कुणाचं शिक्षण, कुणाची नोकरी, कुणाचं गाव कुणासाठी सुटलं, तेही विचारून बघा. फोटोला हार घालणं सोपं आहे. जिवंत माणसाला अर्धा तास देणं अवघड आहे, आणि ते बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय.

भेटू पुढच्या भागात. जय भीम!