गाडी मिसिंग मारते तेव्हा

भारतातल्या मोटारीचा इतिहास बहुधा कारखान्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभी केलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स, उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड. गाडी फाटकाबाहेर पडली की ती गोष्ट संपते. मला ज्या इतिहासात रस आहे तो त्यानंतर सुरू होतो, सोसायटीच्या आवारात, रविवारी सकाळी, उघड्या बॉनेटखाली. त्याची कागदपत्रं फारशी नाहीत. ज्यांच्याकडे तो होता त्यांचे हात ग्रीसने भरलेले असायचे.

त्याची सुरुवात मात्र कागदावरच झाली. १९५३ साली टॅरिफ कमिशनने सुचवलं की ज्यांना इथे सुटे भाग बनवायचे नाहीत, नुसती जुळणी करायची आहे, त्यांना थारा देऊ नये. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पुढची तीसेक वर्षं मध्यमवर्गापुढे प्रश्न उरला तो एवढाच: फियाट की अँबॅसिडर? (हेरल्डवाले नाराज होतील, पण ते होतेच थोडे.) गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं आणि मिळाली की ती पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची. फियाट ११०० ची सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, तरी बॉनेटखालचं १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन ओळखीचंच राहिलं. उद्योगाच्या दृष्टीने ही नामुष्की होती. पण जे यंत्र बदलत नाही त्याचं ज्ञान शिळंही होत नाही. वडिलांनी शिकलेलं मुलाच्या गाडीला चालायचं. घरच्या घरी मोटार दुरुस्त करणारी माणसं या देशात निर्माण झाली ती हौसेपेक्षा या थांबलेल्या काळामुळे, असं मला वाटतं.

बडोद्याला माझ्या मावशीकडे पांढरी पद्मिनी होती. मावशी कॉलेजात शिकवायची आणि गाडी स्वतः चालवायची. गाडीची देखभाल मात्र मामाकडे. मामा बँकेत होता, इंजिनिअर वगैरे नव्हता. फाटकातून गाडी आत येतानाच तो ओरडायचा, "ताई, मिसिंग मारतेय!" म्हणजे चार सिलिंडरपैकी एक पेटत नाही. कुठला, हे शोधायची त्याची रीत सगळ्या मिस्त्रींची होती: इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढायच्या. जी काढल्यावर इंजिनच्या आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर चोर. मग प्लग काढून काजळी खरवडायची, डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंट काचकागदाने घासायचे, त्यांच्यातली अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट जुळवायची. फीलर गेज असायचं, पण सापडायचं नाही. मग कुणाचं तरी व्हिजिटिंग कार्ड कामी यायचं. मे महिन्यात इंजिनला लागून असलेला पेट्रोल पंप इतका तापायचा की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी भर रस्त्यात बसायची. त्यावर उपाय, पंपावर ओलं फडकं. फडकं आणि पाण्याची बाटली कायम गाडीत असायची, स्टेपनीसारखी.

स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या एका रस्त्याच्या नावावरून, तिथल्या जादा चाकाच्या धंद्यातून आला. इंग्रजी बोलणारे तो केव्हाच विसरले. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ या सगळ्यांनी जपला. माझ्या भाषांतराच्या धंद्यात असे शब्द फार मोलाचे. ते पुस्तकांतून आलेले नसतात, गॅरेजांतून आलेले असतात.

साहित्याच्या वाचकांना इथे सुबोध घोषांची 'अजांत्रिक' ही कथा आणि तिच्यावरून ऋत्विक घटकांनी १९५८ साली केलेला चित्रपट आठवेल. त्यात बिमलचा जीव त्याच्या जगद्दल नावाच्या शेवरलेवर आहे. मामाचं तसं नव्हतं. पद्मिनीला तो शिव्याच घालायचा. त्याचा जीव बहिणीवर होता, आणि तो सांगायला त्याला पाना लागायचा.

पण याचं गोडवं गाताना एक गोष्ट झाकली जाते. त्या रविवारी मावशी कुठे असायची? ड्रायव्हरच्या सीटवर. "सेल्फ मार", "रेस दे", "बास" या तीन हुकमांपलीकडे तिच्या वाट्याला काही यायचं नाही. गाडी तिची, हप्ते तिने फेडलेले, पण गाडीचं ज्ञान भावाचं. त्याची सुरतेला बदली झाली तेव्हा पद्मिनी महिनेच्या महिने झाकून उभी राहिली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली, त्याने किती स्त्रियांना कुणाच्या रविवारची वाट न पाहता गाडी चालवता आली, हे कुणी मोजलेलं नाही. मावशीने पुढे मारुती घेतली आणि एकटी सुरतेला भावाकडे जाऊन आली. मामाने सवयीने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं.

मग प्रदूषणाचे नियम आले. १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, २००० च्या सुमारास कार्बुरेटरच्या जागी इंजेक्शन आणि त्यावर नजर ठेवणारा संगणक. शहरांची हवा पाहता हे व्हायलाच हवं होतं. पण संगणक आला म्हणून घरची दुरुस्ती संपली, हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. चौदा मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू देत नाहीत, असं आयोगाला आढळलं आणि त्याने एकूण २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. त्यावर पुढे अपिलं झाली. पण बॉनेटला कुलूप घालणारं तंत्रज्ञान एकटं नव्हतं, धंदाही होता, हे सरकारी कागदावर आलं. २०२२ च्या डिसेंबरात केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. एका साध्या रविवारसाठी आता पोर्टल लागतं, याची मला गंमत वाटते आणि थोडा रागही येतो.

स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायचं काडेपेटीएवढं यंत्र आता बाजारात स्वस्त मिळतं. परवा मावशीच्या नातीने ते आजीच्या गाडीला लावलं. फोनवर आकडा आला: पी ०३०१. म्हणजे पहिल्या नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय. तिने पहिल्या प्लगवरची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरची पहिल्यावर घातली; आकडा पी ०३०२ झाला. कॉइलच खराब. नवी कॉइल आली तेव्हा मावशी सवयीने सीटवर बसायला निघाली, तर नातीने तिला पुढे बोलावलं आणि दहाचा पाना तिच्या हातात दिला. बोल्ट घट्ट होता. मावशीला तो सुटेपर्यंत पंधरा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ तिने कुणाला हात लावू दिला नाही.