डॅट, एमपीथ्री आणि फ्लॅक : डीजेच्या पेटीचा इतिहास

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी मित्र असतो. सोम ते शुक्र जावा, शनिवारी रात्री डीजे. असे दोन जण एका टेबलावर बसले की पाच मिनिटांत वाद सुरू: "३२० चा एमपीथ्री पुरे की फ्लॅकच पाहिजे?" एक म्हणतो मला फरक कळतो, दुसरा म्हणतो सगळं थोतांड. चहा गार होतो, निकाल काही लागत नाही.

मला विचाराल तर या वादाचं उत्तर कानांपेक्षा इतिहासात जास्त सापडतं. डीजेंनी कुठला फॉरमॅट कधी उचलला हे बघत गेलं की कारणं भलतीच निघतात: हवामान, सामानाचं वजन, टेलिफोनची वायर, डिस्कची किंमत. आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय आपल्या शेजारी, गोव्यात घडलाय.

सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून जगभरच्या क्लबांत राज्य होतं ते रेकॉर्डचं आणि टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९ च्या टर्नटेबलचं. पण एका पेटीत ८०-९० रेकॉर्ड भरल्या की वजन सहज १५-२० किलो. शिवाय विनाइल उन्हात वाकतं. हणजुणे आणि वागातोरच्या उघड्यावरच्या पार्ट्यांत रात्रीपासून दुसऱ्या दिवसाच्या उन्हापर्यंत वाजवायचं तर हे जमणार कसं? म्हणून ऐंशीच्या दशकात तिथे कॅसेट वाजायच्या. आणि १९८७ साली सोनीने डॅट म्हणजे डिजिटल ऑडिओ टेप बाजारात आणल्यावर गोव्याच्या डीजेंनी ती उचलून धरली. सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन गोव्यात रमलेला गोवा गिल (तो २०२३ मध्ये वारला) तर डॅटसाठीच ओळखला जायचा.

आता डॅटची गंमत बघा. टेप कॅसेटपेक्षाही लहान, पण आत १६ बिटचा, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झचा शुद्ध पीसीएम आवाज. एक बिटही कापलेला नाही. म्हणजे ज्याला आज आपण लॉसलेस म्हणतो तेच त्या वाळूत वाजत होतं. तोटे होतेच. छोट्या डॅट यंत्रांवर वेग कमी-जास्त करता यायचा नाही, त्यामुळे दोन गाण्यांचे ठोके जुळवणं विसरा. एक गाणं ओसरत आलं की दुसरं हळूच सुरू करायचं. पण डीजे एकमेकांना टेपवरून टेप करून द्यायचे, आणि डिजिटल वायरने केलेली चांगली कॉपी मूळ टेपइतकीच अचूक असायची. गाणी अशीच हातोहात फिरली.

त्याच सुमारास जर्मनीत एर्लांगेनला वेगळाच उद्योग चालू होता. प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना आयएसडीएन टेलिफोन लाइनवरून संगीत पाठवायचं होतं. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. आयएसडीएनच्या दोन चॅनेल मिळून १२८. म्हणजे हत्तीला पोस्टाच्या पेटीत घालायचं! हे काम त्यांचा विद्यार्थी कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्गने अंगावर घेतलं. फ्राउनहोफर संस्थेत आणि इतरत्र बऱ्याच जणांनी त्यावर वर्षं घालवली. १९९२ मध्ये मानक ठरलं आणि जुलै १९९५ मध्ये फाइलला ".एमपीथ्री" हे शेपूट मिळालं.

कल्पना अशी की मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. लोकल धडधडत गेली की शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही, तसं. मग ती कुजबुज साठवायची कशाला? टाका कमी बिटांत, किंवा टाकूच नका. ब्रँडेनबुर्गने हे तपासायला सुझान व्हेगाचं "टॉम्स डायनर" वापरलं, कारण त्यात फक्त तिचा आवाज आहे. मागे वाद्यच नाही, त्यामुळे चुकांना लपायला जागा नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक आडवळण घेतो. मानवी कानाच्या या सवयीचा आवाज लहान करायला उपयोग होतो हे १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या ज्या शोधनिबंधात मांडलं गेलं, त्याच्या तीन लेखकांपैकी एक बिष्णू अटल. बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे विद्यार्थी! आणि मागचे काही आकडे बघून पुढच्या आकड्याचा अंदाज बांधायचं तंत्र, ज्याला लिनिअर प्रेडिक्शन म्हणतात, तेही आवाजासाठी घडवणाऱ्यांत जपानच्या इताकुरा आणि साइतोंबरोबर अटलच. फ्लॅक याच तंत्रावर चालतो: अंदाज बांधा, आणि अंदाज किती चुकला तेवढंच लिहून ठेवा. वाजवताना दोन्हींची बेरीज केली की मूळ आकडा जसाच्या तसा. म्हणजे ज्या दोन पक्षांत आपले मित्र भांडतात, त्या दोघांच्या मुळाशी एकच माणूस सापडतो. :-)

असो. आता डीजेकडे परत. २००१-०२ च्या सुमारास फायनल स्क्रॅच आलं. खास रेकॉर्डवर गाण्याऐवजी फक्त वेळेचा सिग्नल, आणि त्या सिग्नलबरहुकूम गाणं लॅपटॉपमधून वाजणार. रिची हॉटिन आणि जॉन अक्वाविवा यांनी ते उचलून धरलं. २००४ मध्ये सेराटो स्क्रॅच लाइव्ह आलं आणि त्याच वर्षी डेन्व्हरमधून बीटपोर्टचं दुकानही उघडलं. पण तेव्हाच्या लॅपटॉपची डिस्क केवढी? समजा ४० जीबी. सात मिनिटांचं एक गाणं वेव्हमध्ये ७४ एमबी, ३२० च्या एमपीथ्रीमध्ये १७, १२८ मध्ये ७ एमबीच्याही आत. सरळ हिशेब: सगळी डिस्क दिली तरी साडेपाचशे गाणी, नाहीतर तेवीसशेच्या वर. कोणीही काय निवडेल? त्यात कानाचा प्रश्न आलाच नाही.

मग ऐकू येतं का नाही? मी एका रविवारी फूबार२००० च्या एबीएक्स चाचणीत ३२० आणि सीडी समोरासमोर लावली. १६ पैकी ९ बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं. बहुतेकांचं, बहुतेक गाण्यांवर असंच होतं. १२८ ची गोष्ट वेगळी. तिथे साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, हाय-हॅट पाण्यात बुडवल्यासारखी वाजते, आणि मोठ्या सिस्टिमवर ते लपत नाही.

पण डीजे गाणं नुसतं वाजवत नाही, त्याची चिरफाड करतो. तो ईक्यूने बास पूर्ण काढतो. एमपीथ्रीने तर "इथे बास जोरात आहे, म्हणून याच्या आडचं खपून जाईल" असा हिशेब करून काटछाट केलेली. ज्याच्या मागे लपवलं तोच बाजूला केला तर? गाण्याचं "टॉम्स डायनर" होतं. शिवाय त्या सेटचं रेकॉर्डिंग पुन्हा एमपीथ्री होऊन पाठवलं जातं, म्हणजे कापलेल्यातलं परत कापणं. झेरॉक्सची झेरॉक्स.

आणखी एक खास इंजिनिअरी त्रास. एमपीथ्री ११५२ सॅम्पलच्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, बांधलेली असते. सुरुवातीची माहितीची फ्रेम काही सॉफ्टवेअर मोजतात, काही मोजत नाहीत. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात लायब्ररी नेली की क्यू पॉइंट २६ मिलिसेकंद सरकू शकतात. १४५ बीपीएमच्या ट्रान्समध्ये एक ठोका ४१४ मिलिसेकंदांचा, म्हणजे सोळावा हिस्सा गेला. नाचणाऱ्याला कारण कळणार नाही, पण काहीतरी लंगडतंय हे पायांना कळतं.

म्हणजे लॉसलेस जिंकलं? थांबा. सोनीने डिसेंबर २००५ मध्ये शेवटची डॅट यंत्रंही बंद केली. ज्यात एक बिटही कमी नव्हता त्या टेपा आज ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यापुढे प्रश्न आहे की वाजवायच्या कशावर? यंत्रं सहज दुरुस्त होत नाहीत, टेप झिजते. आवाज अचूक साठवणं हे अर्धंच काम, तो उद्या वाचता येणं हे उरलेलं अर्धं.

इथे मला फ्लॅक आवडतो. जॉश कोल्सनने जुलै २००१ मध्ये १.० आवृत्ती दिली, कोड सगळ्यांना खुला. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचं तपशीलवार मानक आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध झालं. उद्या सगळी सॉफ्टवेअर गेली तरी ते वाचून कोणीही डिकोडर लिहू शकेल. पण पायोनिअरचं सीडीजे-१००० सुद्धा २००१ चंच, आणि त्या मालिकेत फ्लॅक वाजायला २०१६ चं सीडीजे-२००० नेक्सस २ यावं लागलं. मधली पंधरा वर्षं अचूक आवाज हवा असलेला डीजे वेव्ह, ज्यात टॅग धड टिकत नाहीत, किंवा एआयएफएफवर भागवत होता. बाकीच्यांनी एमपीथ्रीच जमवले.

त्या पंधरा वर्षांत कितीतरी छोटी लेबलं आली आणि गेली. लेबलकडची मूळ फाइल हरवली की उरतं ते कोणा डीजेच्या डिस्कवरचं. ते १२८ चं असेल तर ते गाणं आता कायमचं १२८ चंच. त्याला फ्लॅकमध्ये बदललं तर फाइल फुगेल, गेलेला आवाज परत येणार नाही.

म्हणून मित्रांच्या वादात माझं मत असं: आज रात्रीच्या पार्टीला ३२० खुशाल वाजवा, कोणी पैसे परत मागणार नाही. पण विकत घेताना फ्लॅक मिळत असेल तर फ्लॅकच घ्या. फ्लॅकवरून एमपीथ्री केव्हाही बनवता येते, उलटं नाही. वायर अरुंद होती, डिस्क महाग होती, तेव्हा कापण्याला कारण होतं. आता तशी अडचण राहिली नाही. आणि हो, बॅकअप दोन ठेवा. डॅटवाल्यांना विचारा.