सागरी जलजीवपात्र

सागरी जलजीवपात्र : समुद्रातील मासे, प्रवाळ व इतर लहान प्राणी जिवंत ठेवण्यासाठी खाऱ्या पाण्याने भरलेले काचेचे पात्र. घरगुती वापराच्या लहान पात्रात पाणी शुद्ध ठेवण्याचे काम बव्हंशी ‘जिवंत खडक’ करतो. प्रवाळभित्तीपासून सुटलेल्या आणि सूक्ष्मजंतू, शैवले, स्पंज, कृमी इत्यादींनी व्यापलेल्या सच्छिद्र चुनखडी तुकड्यास ही संज्ञा आहे. खडक स्वतः निर्जीव असतो. जिवंत असते ती त्यावरील व त्याच्या छिद्रांतील वस्ती. समुद्राचा एक लहानसा भाग किनाऱ्यापासून दूर नेऊन तेथे टिकवता येईल काय, या प्रश्नाभोवती या पात्राचा इतिहास घडला आहे. खानदेशासारख्या अंतर्भागातील प्रदेशाच्या दृष्टीने तो म्हणूनच उद्‌बोधक ठरतो.

आरंभ : समुद्री प्राणी घरात दीर्घकाळ जगविण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक ॲना थिन (१८०६–६६) यांचा होय. त्यांनी १८४६ मध्ये इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून काही प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांच्या घरातील मोलकरीण ते पाणी रोज उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्यात ओतीत असे. पुढे थिन यांनी पात्रात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि हे श्रम बरेच कमी झाले. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) या रसायनशास्त्रज्ञांनी १८५० मध्ये मासे, पाणवनस्पती व गोगलगाई यांचा परस्परांना पूरक असा समतोल गोड्या पाण्याच्या पात्रात साधता येतो, हे दाखवून दिले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह सुरू झाले. त्याच्या उभारणीत भाग घेणारे निसर्गवैज्ञानिक फिलिप हेन्री गॉस (१८१०–८८) यांच्या लेखनामुळे घरोघरी अशी पात्रे ठेवण्याचा छंद इंग्लंडात पसरला. किनाऱ्यावरील खडकांवरून प्राणी ओरबाडून नेण्याची लाटही त्याबरोबरच आली.

कृत्रिम समुद्रजल : किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांपुढील पहिली अडचण पाण्याची होती. गॉस यांनी १८५४ मध्ये साधे मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड व पोटॅशियम क्लोराइड ही चार लवणे गोड्या पाण्यात मिसळून समुद्रजल तयार करण्याची कृती प्रसिद्ध केली. बर्लिन हे शहर समुद्रकिनाऱ्यावर नाही. तेथे प्राणिवैज्ञानिक आल्फ्रेट ब्रेम (१८२९–८४) यांच्या पुढाकाराने १८६९ मध्ये सार्वजनिक जलजीवालय उघडले आणि ऑटो हेर्मेस या रसायनशास्त्रज्ञांनी त्यासाठी कृत्रिम समुद्रजल सिद्ध केले. तथापि अशा पाण्याविषयीचा अविश्वास दीर्घकाळ टिकून होता. शिकागो येथील शेड जलजीवालयासाठी १९३० मध्ये फ्लॉरिडातील की वेस्ट येथून सु. दहा लक्ष गॅलन समुद्रजल रेल्वेच्या टाकी-वाघिणींतून आणावे लागले. तयार मिश्र लवणे १९६० नंतरच्या दशकात बाजारात आल्यावर ही अडचण बव्हंशी दूर झाली.

भारतात मद्रास (आता चेन्नई) येथे एडगर थर्स्टन (१८५५–१९३५) यांच्या प्रयत्नाने १९०९ मध्ये आणि मुंबईत १९५१ मध्ये सागरी जलजीवालये उघडण्यात आली. मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. नूतनीकरणानंतर ते २०१५ मध्ये पुन्हा खुले करण्यात आले. ही दोन्ही जलजीवालये अगदी समुद्रालगत उभारली गेली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश या भागांतील पुष्कळांना जिवंत सागरी मासा प्रथम पाहावयास मिळाला, तो मुंबईच्या सहलीत या मत्स्यालयाच्या काचेआड.

जिवंत खडकाचा शोध : पाण्याचा प्रश्न सुटला, तरी त्याच्या शुद्धीचा प्रश्न उरला. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो व तो अल्प प्रमाणातही विषारी असतो. अमोनियाचे नायट्राइटात आणि नायट्राइटाचे नायट्रेटात रूपांतर करणारे सूक्ष्मजंतू सर्गेई विनोग्राद्‌स्की (१८५६–१९५३) यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केले. या ज्ञानाचा घरगुती पात्रासाठी उपयोग होण्यास बराच काळ लागला. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील खडकाचे तुकडे जसेच्या तसे पात्रात ठेवले व केवळ हवेच्या बुडबुड्यांनी पाणी खेळते राखले. त्यांच्या या ‘नैसर्गिक पद्धती’चे वर्णन १९६१ मध्ये एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे जर्मनीतील छांदिष्टांनी जिवंत खडकाला फेसाद्वारे सेंद्रिय मळ वेगळा करणाऱ्या यंत्राची जोड दिली. ही रचना ‘बर्लिन पद्धती’ म्हणून ओळखली जाते.

खडकाच्या पृष्ठभागावर भरपूर ऑक्सिजन असतो. तेथे अमोनियाचे नायट्रेटापर्यंत ऑक्सिडीभवन होते. आतील सूक्ष्म छिद्रांत ऑक्सिजन अत्यल्प असल्याने दुसऱ्या प्रकारचे सूक्ष्मजंतू नायट्रेटापासून नायट्रोजन वायू मुक्त करतात व तो हवेत निघून जातो. अशा रीतीने एकाच दगडात शुद्धीकरणाचे दोन्ही टप्पे पार पडतात. कमी देखभालीच्या पात्राचे हेच रहस्य होय.

प्रवाळभित्तींवरील परिणाम : या सोयीची किंमत प्रवाळभित्तींना मोजावी लागली. छंदाची मागणी वाढताच उष्ण कटिबंधातील भित्तींवरून खडक मोठ्या प्रमाणावर काढला जाऊ लागला. फिलिपीन्समध्ये मासे गुंगवून पकडण्यासाठी सायनाइडाचा वापरही झाला. फ्लॉरिडा राज्याने १९८९ मध्ये आपल्या सागरी हद्दीतून नैसर्गिक जिवंत खडक काढण्यास बंदी घातली. लगतच्या संघीय हद्दीत ही बंदी १९९७ पासून पूर्णपणे अंमलात आली. साधा चुनखडीचा दगड समुद्रात काही काळ ठेवून त्यावर वस्ती जोपासण्याचा व्यवसाय त्यानंतर तेथे वाढला. भारतात मानारच्या आखातातील दोन लहान बेटे पाण्याखाली जाण्यास चुन्यासाठी केलेली प्रवाळांची तोड बव्हंशी कारणीभूत मानली जाते. भित्ती घडविणारे प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे कच्छचे आखात, लक्षद्वीप, मालवण इ. ठिकाणच्या प्रवाळभित्तींचे तुकडे काढणे वा विकणे हा गुन्हा आहे. १९९८ व २०१६ या वर्षी समुद्राचे तापमान वाढून प्रवाळांचे विरंजन झाले. अशा भित्तींना माणसाच्या तोडीचा वेगळा भार सोसणे कठीण आहे.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव व धुळे ही शहरे पश्चिम किनाऱ्यापासून सरळ रेषेत सु. २०० ते ३०० किमी. अंतरावर आहेत. समुद्राशी या प्रदेशाचा दैनंदिन संबंध मीठ आणि आठवड्याच्या बाजारात येणारे सुकट-बोंबील यांपुरता राहिला. तापी, गिरणा व पांझरा या नद्यांचे मासे मात्र येथे परिचित आहेत. येथे सागरी पात्र ठेवावयाचे झाल्यास वर सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यावरील ज्ञान उपयोगी पडते.

साधारणपणे ६० × ४० × ४० सेंमी. आकाराच्या पात्रात ९६ लिटर पाणी मावते. समुद्रजलात दर लिटरमागे सु. ३५ ग्रॅ. लवणे असतात, म्हणजे या पात्रास सु. साडेतीन किग्रॅ. मिश्र लवण लागते. खाण्याचे मीठ याऐवजी चालत नाही, कारण समुद्रातील लवणांत साध्या मिठाचा वाटा सु. ७८ टक्केच असतो. विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी बहुधा जड असल्यामुळे ते गाळणीयंत्राने क्षारमुक्त करून घ्यावे लागते. पाण्याचे तापमान २५° ते २७° से. आणि विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास राखतात.

खानदेशातील उन्हाळा ही मोठी कसोटी असते. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या घरात जाते. कोरड्या हवेत पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास पाणी दोन-तीन अंशांनी थंड होते, परंतु बाष्पीभवनही वाढते. वाफेबरोबर लवण जात नसल्याने ही तूट नेहमी गोड्या पाण्यानेच भरून काढतात. तेथे खारे पाणी घातल्यास लवणता वाढत जाऊन मासे दगावतात. भारनियमनाच्या वेळी विजेरीवर चालणारा लहान हवापंप जवळ असणे आवश्यक ठरते.

खडकासाठी प्रवाळभित्तीची गरज नाही. सच्छिद्र चुनखडी, भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे किंवा सिमेंट व शिंपल्यांचा चुरा यांपासून ओतलेले ठोकळे सु. १० किग्रॅ. पुरतात. सिमेंटचे ठोकळे कित्येक आठवडे पाण्यात मुरवून त्यांतील अल्कता काढून टाकावी लागते. दख्खनचा घट्ट काळा पाषाण छिद्रांअभावी या कामी फारसा उपयोगी नाही. ठोकळ्यांवर सूक्ष्मजंतूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया व नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडत नाहीत. घाईने सोडलेले मासे मरणे हे नव्या पात्रांच्या अपयशाचे नेहमीचे कारण आहे. त्यानंतर विदूषक माशाची एक जोडी व काही कोळंब्या एवढीच वस्ती ठेवल्यास पंधरा दिवसांनी एक दशांश पाणी बदलणे पुरते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विदूषक माशांच्या कृत्रिम पैदाशीचे तंत्र विकसित केले असल्याने हे मासेही भित्तीवरून पकडून आणावे लागत नाहीत.

ली चिन एंग यांच्या काळी समुद्रातील दगड उचलून आणणे हा या छंदाचा पाया होता. सूक्ष्मजंतूंचे कार्य उमगल्यानंतर तो अपरिहार्य राहिलेला नाही. पाणी शुद्ध करणारे सजीव कोणत्याही योग्य सच्छिद्र दगडावर वसतात, मात्र त्यांना पुरेसा अवधी द्यावा लागतो. कित्येक शतकांत घडलेली प्रवाळभित्ती तोडून वाचतात ते केवळ काही आठवडे.