कारागृह मुलाखत (रायगड जिल्हा)

कारागृह मुलाखत म्हणजे कारागृहात असलेल्या बंद्याची त्याचे कुटुंबीय, मित्र किंवा वकील यांच्याशी नियमांच्या चौकटीत होणारी भेट होय. महाराष्ट्रातील कारागृहांच्या व्यवहारात अशा भेटीसाठी ‘मुलाखत’ हाच शब्द रूढ आहे. पत्रव्यवहार, दूरध्वनी, दृक्‌श्राव्य भेट, मनीऑर्डर आणि रजा ही संपर्काची अन्य साधने आहेत. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील कुटुंबांचा या व्यवस्थेशी संबंध प्रामुख्याने अलिबाग येथील जिल्हा कारागृह आणि पनवेल तालुक्यातील तळोजा मध्यवर्ती कारागृह यांच्यामार्फत येतो. कुटुंबीयांची भेट हा बंद्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. प्रत्यक्षात मात्र हा हक्क कारागृहाचे अंतर, प्रवासाचा खर्च आणि कागदपत्रे यांवर अवलंबून राहतो.

पार्श्वभूमी

अलिबागचे जिल्हा कारागृह हिराकोट या किल्ल्यात आहे. हा किल्ला कान्होजी आंग्रे यांनी १७२० मध्ये बांधला. १८४० मध्ये आंग्र्यांचे कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केल्यानंतर किल्ल्याचा उपयोग सरकारी कामासाठी व तुरुंगासाठी होऊ लागला. किल्ला शहराच्या वस्तीतच, समुद्रकिनाऱ्यापासून जवळ आहे. रायगडचे जिल्हा व सत्र न्यायालयही अलिबागमध्येच असल्याने तारखेसाठी आलेल्या नातेवाइकांना त्याच फेरीत मुलाखतीचा प्रयत्न करता येतो.

घर आणि तुरुंग यांतील अंतर हा जिल्ह्याच्या इतिहासात नवा विषय नाही. पनवेल तालुक्यातील शिरढोण येथे जन्मलेले क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेची शिक्षा झाल्यावर समुद्रापलीकडे एडन येथे पाठवण्यात आले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

कायदेशीर आधार

१८९४ च्या तुरुंग कायद्यातील कलम ४० अन्वये दिवाणी बंदी आणि अद्याप दोषी न ठरलेले बंदी यांना योग्य वेळी व योग्य निर्बंधांसह भेटी मिळण्याची तरतूद करण्यात आली. वकिलाशी होणारी भेट तिसऱ्या व्यक्तीच्या उपस्थितीविना व्हावी, अशी अपेक्षाही त्यात आहे. कलम ४१ नुसार तुरुंगाधिकारी भेटीस आलेल्याचे नाव व पत्ता विचारू शकतो आणि संशयास कारण असल्यास झडती घेऊ शकतो. ही झडती बंद्यासमोर किंवा दुसऱ्या भेटकर्त्यासमोर घेता येत नाही. झडतीस नकार देणाऱ्याला प्रवेश नाकारता येतो, परंतु त्याची कारणे नोंदवावी लागतात.

सुनील बत्रा यांच्या दुसऱ्या खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीय व मित्रांच्या भेटींकडे उदार दृष्टीने पाहण्याची गरज व्यक्त केली. फ्रान्सिस कोराली मुलीन खटल्यात (१९८१) नातेवाईक व वकील यांना भेटण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत असल्याचा निर्णय झाला. स्थानबद्ध व्यक्तीला महिन्यातून एकच भेट देणारा नियम त्यात अवाजवी ठरला. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी नियम ५८ कुटुंबाशी नियमित संपर्काविषयी आहे. नियम ५९ नुसार बंद्याला शक्यतो त्याच्या घराजवळच्या कारागृहात ठेवावे.

अटकेनंतरचे पहिले दिवस

अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. शीला बर्से विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८३) आणि डी. के. बसू या खटल्यांतील निर्देशांनी हे तत्त्व दृढ झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये ते समाविष्ट आहे. अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावे लागते.

पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी यांतील फरक कुटुंबीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो. पोलीस कोठडीतील आरोपी पोलीस ठाण्याच्या ताब्यात असतो. न्यायालयीन कोठडी सुनावल्यावर तो कारागृहात जातो आणि मुलाखतीचे नियम तेव्हापासून लागू होतात. प्रवेशाच्या वेळी कारागृहात घेतल्या जाणाऱ्या नोंदीत नातेवाइकांची नावे असतात. त्यामुळे नाव, नाते आणि पत्ता ओळखपत्राशी जुळणे पुढील भेटींसाठी उपयोगी ठरते.

मुलाखतीची पद्धत

दोषी न ठरलेल्या बंद्याला न्यायाधीन बंदी (बोलीभाषेत कच्चा कैदी) आणि शिक्षा झालेल्याला सिद्धदोष बंदी (पक्का कैदी) म्हणतात. न्यायाधीन बंद्याला मुलाखती अधिक वेळा मिळतात. सिद्धदोष बंद्याच्या मुलाखतींची संख्या त्याच्या वर्गावर व वर्तणुकीवरही अवलंबून असते. भेटीचे वार व वेळा प्रत्येक कारागृहात निश्चित केलेल्या असतात.

भेटकर्त्याने ओळखपत्रासह नोंदणी केल्यावर बंद्याला बराकीतून मुलाखत कक्षात आणले जाते. भेट बहुधा जाळीच्या किंवा काचेच्या दोन बाजूंनी होते. काच असल्यास बोलणे इंटरकॉमवरून होते. केंद्र शासनाच्या ई-प्रिझन्स संकेतस्थळावर ‘ई-मुलाकात’ या सुविधेद्वारे प्रत्यक्ष किंवा दृक्‌श्राव्य भेटीसाठी आगाऊ नोंदणी करता येते. कारागृहाने मंजुरी दिल्यावरच भेट निश्चित होते.

२०२० मध्ये कोविड साथीमुळे प्रत्यक्ष मुलाखती थांबल्या आणि दृक्‌श्राव्य भेटींचा वापर वाढला. त्या काळात अलिबाग कारागृहात नव्याने येणाऱ्या बंद्यांना प्रथम शहरातील एका शाळेत विलगीकरणात ठेवले जात असे.

पत्रे व दूरध्वनी

बंद्याची येणारी व जाणारी पत्रे कारागृह प्रशासन तपासते. मात्र या अधिकाराला मर्यादा आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी मुंबईतील कारागृहात स्थानबद्ध असताना ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. त्याचे हस्तलिखित प्रसिद्धीसाठी बाहेर पाठवण्याची परवानगी राज्य शासनाने नाकारली. स्थानबद्धतेच्या अटींत अशी मनाई नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये संझगिरी यांच्या बाजूने निर्णय दिला.

महाराष्ट्रातील कारागृहांत बंद्यांना ठरावीक मिनिटांपुरता दूरध्वनी करण्याची सोय आहे. त्यासाठी आधी नोंदवून पडताळलेल्या क्रमांकांवरच बोलता येते. त्यामुळे कुटुंबाने क्रमांक बदलल्यास नवी नोंद होईपर्यंत संपर्क तुटू शकतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या कुटुंबांसाठी दूरध्वनी व मुलाखत हेच मुख्य मार्ग राहतात.

पैसे व वस्तू

बंद्याच्या वैयक्तिक खात्यावर जमा झालेल्या रकमेतून त्याला कारागृहाच्या उपहारगृहातील खाद्यपदार्थ, साबण, तेल इत्यादी वस्तू ठरावीक मर्यादेपर्यंत घेता येतात. मनीऑर्डर हा पैसे पाठवण्याचा जुना मार्ग आहे. १८९४ च्या कायद्यातील कलम ३१ ने न्यायाधीन बंद्याला बाहेरून अन्न, कपडे व अंथरूण मिळवण्याची मुभा तपासणीच्या अटीवर दिली. घरच्या जेवणासाठी व्यवहारात सामान्यतः न्यायालयाची परवानगी मागितली जाते. मनाई असलेली वस्तू आत पोहोचवणे हा गुन्हा आहे.

वस्तू स्वीकारण्यावरून वादही झाले आहेत. तळोजा कारागृहातील न्यायाधीन बंदी गौतम नवलखा यांचा चष्मा कारागृहात चोरीस गेला आणि टपालाने पाठवलेला नवा चष्मा स्वीकारला गेला नाही, अशी तक्रार त्यांच्या कुटुंबीयांनी २०२० मध्ये केली. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकाराची दखल घेतली. माणुसकी महत्त्वाची असल्याचे सांगून कारागृह अधिकाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्याची गरज न्यायालयाने बोलून दाखवली.

आर्थिक मदतीचा ओघ उलट दिशेनेही असतो. कारागृहातील कामाच्या मजुरीतून बंदी घरी पैसे पाठवू शकतात. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने १ मे २०२२ रोजी येरवडा मध्यवर्ती कारागृहात ‘जिव्हाळा’ ही कर्जयोजना सुरू केली. तिच्यात बंद्याला कुटुंबाच्या गरजांसाठी ७ टक्के व्याजाने ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज देण्याची तरतूद आहे.

रजा आणि खुली कारागृहे

सिद्धदोष बंद्यांना १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांनुसार रजा मिळू शकते. फर्लोला संचित रजा, तर पॅरोलला अभिवचन रजा म्हणतात. संचित रजेचा उद्देशच कुटुंबाशी असलेले नाते टिकवणे हा आहे आणि तिचा काळ शिक्षेत धरला जातो. अभिवचन रजा आजारपण, मृत्यू, विवाह अशा विशिष्ट कारणांसाठी असते आणि तिचा काळ शिक्षेत धरला जात नाही. दोन्ही रजांत नातेवाईक जामीनदार आणि स्थानिक पोलिसांचा अहवाल यांना महत्त्व असते. ज्याच्या घरचे लोक दुरावले आहेत, अशा बंद्याला पात्रता असूनही रजा मिळणे त्यामुळे कठीण जाते.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळील स्वतंत्रपूर ही खुली वसाहत औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केली. तेथे निवडक बंद्यांना कुटुंबासह राहता येते.

मुले

आईसोबत कारागृहात राहणाऱ्या मुलांसाठी वयाची मर्यादा ६ वर्षे आहे. अशा मुलांचे अन्न, आरोग्य व शिक्षण यांविषयीचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. उपाध्याय खटल्यात (२००६) दिले. बाहेर राहणाऱ्या १६ वर्षांखालील मुलांसाठी राज्यातील कारागृहांत ‘गळाभेट’ हा उपक्रम राबवला जातो. त्यात जाळी किंवा काच नसते आणि बंदी आपल्या मुलाला जवळ घेऊ शकतो. हा कार्यक्रम नियमित मुलाखतीसारखा दर आठवड्याला होत नाही.

अंतर आणि प्रवास

रायगडचा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. श्रीवर्धनहून अलिबागला जाणारे लोक दिघी–आगरदांडा फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून मुरूडमार्गे जातात किंवा म्हसळा–माणगाव बाजूने लांबचा वळसा घेतात. मुंबईत कामाला असलेले नातेवाईक भाऊचा धक्का–मांडवा रो-रो सेवेने येऊ शकतात. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवे ऑफ इंडिया येथून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

जिल्हा कारागृहात मुख्यतः न्यायाधीन व अल्प मुदतीचे बंदी असतात. दीर्घ शिक्षा झालेल्यांना मध्यवर्ती कारागृहात हलवले जाते. किनाऱ्यावरील कुटुंबासाठी हा बदल निर्णायक ठरतो. एस. टी.ने अलिबागला जाऊन संध्याकाळी परतणे मुरूड किंवा रेवदंड्याच्या माणसाला शक्य असते. तळोजासाठी वडखळ, पेण व पनवेलमार्गे जावे लागते. येरवडा, नाशिक रोड किंवा कोल्हापूर येथे बदली झाल्यास काही मिनिटांच्या भेटीसाठी रोजंदारीचा एक किंवा दोन दिवस बुडतो. शिक्षेबरोबर मुलाखतींची संख्या घटते आणि अंतर वाढते. त्यामुळे संपर्क सुटण्याचा धोका खटल्याच्या काळापेक्षा त्यानंतर अधिक असतो. घराजवळच्या कारागृहात बदलीसाठी बंदी किंवा कुटुंबीय कारागृह प्रशासनाकडे अर्ज करू शकतात.

साहाय्य

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. रायगडमध्ये हे काम अलिबाग येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहते. केंद्राच्या २०२३ च्या गरीब बंदी साहाय्य योजनेत सुरुवातीला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद करण्यात आली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढल्यास, कायद्यातील अपवाद वगळता, त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातील बंदी व त्यांच्या कुटुंबांसोबत काम करतो.