तावदान: भट्टीच्या कुळातील खिडकी

खिडकीच्या चौकटीत बसवलेल्या काचेला मराठीत तावदान म्हणतात आणि हा शब्द काचेशी इतका एकजीव झाला आहे, की त्यात मुळात काचेचा मागमूसही नाही हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शब्द फारसी आहे आणि त्याचे मूळ रूप ‘ताबदान’ आहे. त्यातील ‘ताब’ म्हणजे तेज आणि त्याच वेळी उष्णताही. फारसी कोशांत ताबदानाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात: उजेडासाठी भिंतीत ठेवलेला झरोका हा एक, आणि हमामाचे पाणी तापवणारी भट्टी हा दुसरा. खिडकी आणि भट्टी यांना एकच नाव असावे, हा योगायोग नसून घर उबदार ठेवण्याच्या एका जुन्या जाणिवेचा पुरावा आहे, असे येथे प्रतिपादन करायचे आहे. त्यासाठी दृष्टीसमोर हिंगोली जिल्हा ठेवला आहे, कारण उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारा आणि थंडीच्या लाटेत दहा अंशांखाली उतरणारा पारा तेथील घरांना एकाच वर्षात दोन परस्परविरुद्ध परीक्षा द्यायला लावतो.

‘ताब’ हे नाम ज्या धातूपासून आले, तोच संस्कृतात ‘तप्’ या रूपाने आढळतो. म्हणजे फारसी ताब आणि संस्कृत ताप ही एकाच घराण्याची दोन अपत्ये होत. उष्णतेचा अर्थ फारसीत दुय्यम नव्हता, हे ‘ताबखाना’ या शब्दावरून स्पष्ट होते. ताबखाना म्हणजे शेगडी किंवा चूल असलेली, हिवाळ्यात राहण्याची खोली. हाच शब्द तुर्कस्तानात ‘ताभाने’ झाला, आणि बुर्सा येथील आरंभीच्या उस्मानी मशिदींना जोडून प्रवाशांसाठी बांधलेल्या, भिंतीत शेकोटी असलेल्या खोल्या आजही स्थापत्याच्या ग्रंथांत याच नावाने ओळखल्या जातात. दख्खनला ही शब्दसंपत्ती परकी नव्हती. फारसीचा सुप्रसिद्ध कोश ‘बुरहाने काते’ हा इराणात नव्हे, तर गोवळकोंड्यास, अब्दुल्ला कुतुबशहाच्या आश्रयाने, १६५२ च्या सुमारास सिद्ध झाला. पुढे ज्या हैदराबाद राज्यात हिंगोलीचा मुलूख १९५६ पर्यंत होता, त्याच्या दफ्तराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसीच होती.

या व्युत्पत्तीला दोन प्रतिस्पर्धी उभे राहतात आणि दोन्ही दिसायला देखणे आहेत. पहिला म्हणजे कागदाचा ‘ताव’. काच दुर्मीळ असताना चौकटीत तेल पाजलेला कागद लावण्याची रीत जगात अनेक ठिकाणी होती. तेव्हा ताव ज्यात बसवायचा ते तावदान, असे म्हणण्याचा मोह होतो. कलमदानात कलम राहते, तसा तावदानात ताव राहील, हा युक्तिवाद प्रत्ययाच्या दृष्टीने निर्दोषही आहे. परंतु मराठीत काचेचा ताव असे कोणी म्हणत नाही आणि ताबदान हे रूप फारसीत झरोक्याच्या अर्थाने आधीच सिद्ध असताना मराठीने ते नव्याने घडवले असे मानण्याचे कारण उरत नाही. शिवाय ‘रोशनदान’ हा त्याचा सख्खा भाऊ उत्तर हिंदुस्थानात आणि हैदराबादेत भिंतीच्या वरच्या झरोक्यासाठी रूढ आहे. रोशनदानात जर रोशनी राहते, तर ताबदानात ताबच राहणार.

दुसरा प्रतिस्पर्धी अधिक घरचा आहे. संस्कृत तापापासून प्राकृतमार्गे आलेला, ‘तावून सुलाखून’ या प्रयोगात टिकलेला अस्सल मराठी ‘ताव’ येथे असावा, असा हा पक्ष. ‘ब’चा ‘व’ का झाला, हे कोडे त्यामुळे आपोआप सुटते, हे त्याचे बळ. पण ते कोडे मुळात तितके अवघड नाही. बागबानाचा बागवान आणि दरबानाचा दरवान झालेला मराठीने पाहिलाच आहे. फारसीत ‘बान’ आणि ‘वान’ ही दोन्ही रूपे होती, म्हणून ही उदाहरणे निर्णायक ठरत नाहीत, असा आक्षेप येथे घेता येईल. तो मान्य करूनही असे म्हणावे लागते, की देशी ताव बोलणाऱ्याच्या ओठावर होताच, आणि परका ताब त्याच्या उच्चाराकडे ओढला गेला. अर्थाने आणि कुळाने दोघे एकच असल्याने ही ओढ स्वाभाविक होती. म्हणजे दुसरा पक्ष हरतो, तो परका म्हणून नव्हे, तर फारसी ताबाचा चुलतभाऊ म्हणून.

खिडकीच्या इतर नावांत उष्णतेचा हा धागा नाही. ‘खिडकी’ संस्कृत ‘खडक्किका’ म्हणजे बाजूचे लहान दार यापासून आली, कोकणातील ‘जनेल’ पोर्तुगीज ‘जनेला’पासून आणि तेही लॅटिनमधील दारवाचक शब्दापर्यंत जाते, ‘गवाक्ष’ हा तर बैलाचा डोळा. दार, डोळा, उजेड यांच्या पंक्तीत ऊब सांगणारे नाव तावदान एकटेच आहे.

हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि वसमत या भागांतील जुन्या घराला मात्र तावदानाची गरज नव्हती. ते घर माळवदाचे असे. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर कडीपाट किंवा किलचा, म्हणजे आडव्या लाकडी चिपा, पसरून त्यांवर मातीचा जाड थर चोपून केलेले सपाट छप्पर. पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी माती पुन्हा टाकावी लागे. भिंती दोन-दोन फूट किंवा त्याहून जाड, आणि रस्त्याकडे खिडकी बहुधा नाहीच. उजेड येई तो माळवदातील ‘साण्या’तून. साणे किंवा सवणे म्हणजे छपरात ठेवलेले हातभर रुंदीचे भोक, ज्यातून चुलीचा धूर वर जाई आणि उन्हाचा एक कवडसा खाली उतरून दिवसभर जमिनीवर सरकत राही. पाऊस आला की त्यावर फरशी किंवा पत्रा ओढून घेत. जाड मातीतून दुपारची उष्णता आत झिरपेपर्यंत रात्र होई, आणि हिवाळ्यात तीच साठलेली ऊब पहाटेच्या कामी येई. एकच भोक धूर बाहेर सोडते आणि ऊन आत घेते, म्हणजे चूल आणि झरोका यांची सांगड घालते. ताबदानाचे दोन्ही अर्थ या एका साण्यात भेटतात. फारसी शब्द गावात पोहोचण्यापूर्वीच वस्तू तेथे नांदत होती.

काच आली ती निराळ्या वाटेने. हिंगोली हे निजामाच्या राज्यातील लष्करी ठाणे होते. हैदराबाद कंटिन्जंट या नावाने ओळखली जाणारी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौज तेथे असे, आणि १९०३ मध्ये ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाल्यावरही पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे शहरात टिकून राहिली. काचेची झडप या मुलखात प्रथम दिसली असेल तर ती याच छावणीच्या बंगल्यांत, हा तर्क भक्कम वाटतो. शब्द दफ्तरातून आला, वस्तू छावणीतून आली, आणि दोहोंची गाठ सुताराच्या ओट्यावर पडली.

ज्या काचेला हे नाव मिळाले, तिने ते सार्थही केले. १७६७ मध्ये जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने एकात एक बसवलेल्या काचेच्या पेट्या उन्हात ठेवल्या, तेव्हा सर्वांत आतल्या पेटीचे तापमान सुमारे ८७ अंश सेल्सिअसपर्यंत गेले. कारण असे, की सूर्याचे लघुलहरी किरण काचेतून आत जातात, पण तापलेल्या वस्तूंमधून निघणारे दीर्घलहरी उष्णताकिरण काच शोषून घेते आणि आतली गरम हवाही कोंडून राहते. थंड युरोपात याच तत्त्वावर घराला काचेची खोली जोडण्याची प्रथा पडली. ब्रिटनमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाल्यावर ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. मराठवाड्यात या खोलीचे वंशज घराला नव्हे, शेताला जोडलेले दिसतात आणि त्यांना पॉलिहाऊस म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर जड माळवदाची भीती मराठवाडाभर पसरली, आणि २०२४ मध्ये कळमनुरी परिसराला बसलेल्या धक्क्यांनी ती पुन्हा जागी केली. माळवदाच्या जागी स्लॅब किंवा पत्रा आला हे योग्यच झाले. पण जाड भिंत गेली आणि तिच्या जागी चार दिशांना सारख्याच मापाच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आल्या, हे मात्र योग्य झाले नाही. या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणून वारा निम्मा येतो, आणि ऊन मात्र पूर्ण काचेतून येते. पश्चिमेला बसवलेले असे तावदान एप्रिल-मेच्या दुपारी शब्दाचा दुसरा अर्थ अक्षरशः खरा करते.

तेच दक्षिणेला बसवले तर चित्र पालटते. हिंगोलीचे अक्षांश सुमारे १९.७ अंश उत्तर आहेत. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर, दक्षिणेला झुकलेला असतो, तर मेच्या तिसऱ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो. चार फूट उंच खिडकीच्या माथ्याशी दीड फुटाचा छज्जा दिला, तर डिसेंबरच्या मध्यान्ही त्याची सावली सुमारे एक फूट सात इंच उतरते आणि खालच्या जवळजवळ अडीच फुटांतून ऊन घरात येते. एप्रिलच्या मध्यास तीच सावली आठ फुटांपलीकडे जाऊन संपूर्ण काच झाकते. दुहेरी काच, म्हणजे मध्ये हवेची पोकळी ठेवून बसवलेल्या दोन काचा, उष्णतेची ये-जा एकेरी काचेच्या जवळपास निम्म्यावर आणते. परंतु आत आलेले ऊन ती परत पाठवीत नाही, म्हणून दिशा चुकलेल्या खिडकीला तिचा आधार अपुरा पडतो. केंद्र सरकारच्या इको निवास संहितेने २०१८ पासून भिंती-खिडक्यांबरोबर छपरातून येणाऱ्या उष्णतेलाही मर्यादा घातली आहे, आणि उघड्या स्लॅबच्या घरात तो हिशेब आधी पाहणे शहाणपणाचे.

हिंगोली जिल्ह्यात जुन्या खिडक्या काढून नव्या बसवू पाहणाऱ्यांनी म्हणूनच काचेचा दर विचारण्याआधी भिंतीची दिशा पाहावी. आणि ज्यांच्या गावात अजून एखादे माळवद उभे आहे, त्यांनी ते उतरवण्यापूर्वी साण्याचे माप, त्याची जागा आणि सुतार-गवंड्यांच्या तोंडचे शब्द लिहून ठेवावेत.