वाचा गेली तेव्हा

कवीला शब्दांची काळजी फार. एखादा नेमका शब्द सापडला नाही, तर आम्ही रात्रभर तळमळतो. पण एका सकाळी सगळेच शब्द निघून गेले, तर माणसात काय उरतं? आज ज्याची हकीकत सांगणार आहे, त्या माणसावर हीच वेळ आली होती. त्याच्यामुळे मेंदूच्या शास्त्राला नवी वाट सापडली.

त्याचं नाव लुई व्हिक्टर लबोर्न. १८०९ साली फ्रान्समधल्या मोरे या गावी तो जन्मला. वडील शाळामास्तर. मुलगा पुढे पॅरिसमध्ये जोडे शिवायला लागणारे लाकडी साचे करू लागला. लहानपणापासून त्याला फेफरं येई. वयाच्या तिशीत त्याची वाचा गेली आणि त्याला पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात ठेवण्यात आलं. काहीही विचारा, उत्तर एकच : ‘तां, तां’. मग तिथं त्याचं नावच ‘तां’ पडलं. पुढे काही वर्षांनी उजवा हात लुळा पडला, मग उजवा पाय.

एप्रिल १८६१ मध्ये त्याचा तोच पाय सडू लागला, तेव्हा त्याला पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे आणलं. त्या काळी पॅरिसच्या विद्वानांत मोठा वाद चालू होता. मेंदू सगळा मिळून एकच काम करतो, की त्याच्या भागांत कामं वाटलेली असतात? कवटीवरचे उंचवटे चाचपून स्वभाव सांगणाऱ्यांनी कामांच्या वाटणीची कल्पना बदनाम करून ठेवली होती.

ब्रोकानं ‘तां’ला विचारलं, ‘इथं येऊन किती वर्षं झाली?’ त्यानं डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. हिशेब बरोबर होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा आपली परीक्षा चालली आहे हे त्यानं ओळखलं आणि तो चिडला. चिडला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र स्पष्ट बाहेर पडे!

१७ एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकानं त्याचा मेंदू पॅरिसच्या मानवशास्त्र मंडळापुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, कोंबडीचं अंडं मावेल एवढी पोकळी होती. काही महिन्यांनी दुसरा रुग्ण भेटला. त्याच्याकडे जेमतेम पाच शब्द उरले होते. त्याच्याही मेंदूत इजा जवळपास त्याच जागी. आणखी रुग्ण पाहून १८६५ साली ब्रोकानं सांगितलं, की आपण डाव्या मेंदूनं बोलतो. पुढे १८७४ साली कार्ल व्हेर्निके या जर्मन डॉक्टरनं उलटा प्रकार दाखवला. हे रुग्ण घडाघडा बोलत, पण बोलण्याला अर्थ नसे आणि दुसऱ्याचं बोलणं त्यांना कळत नसे. इजा होती डाव्या कानशिलामागच्या भागात.

मेंदूच्या नकाशातल्या या पहिल्या खुणा. आज आपल्याला माहीत आहे, की डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ मेंदूच्या मागच्या भागात लागतो, तोल लहान मेंदू सांभाळतो आणि श्वास मेंदूच्या देठातून चालतो. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून उजवी बाजू लुळी पडली की पुष्कळदा वाचाही जाते. याला वाचाघात म्हणतात. २००७ साली ‘तां’चा जपून ठेवलेला मेंदू एमआरआय यंत्रात पाहिला गेला, तेव्हा इजा ब्रोकाला दिसली त्याहून खोल गेल्याचं कळलं. म्हणजे बोलणं एका जागेचं काम नव्हे, त्या जागांना जोडणाऱ्या वाटाही शाबूत लागतात.

हे सारं मी वाचलं, तोवर फार उशीर झाला होता. १९९४ साली माझ्या अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. उजवा हात गेला आणि तोंडात एकच शब्द उरला, ‘चला’. पाणी हवं तरी ‘चला’, दुखलं तरी ‘चला’. नमाजाच्या वेळी मात्र अल-फातिहा न अडखळता म्हणत. शेजारी म्हणत, ही अल्लाची करणी. आता वाटतं, लबोर्नची शिवी आणि अब्बांची प्रार्थना एकाच वाटेनं येत असावी. वर्षानुवर्षं जिभेवर रुळलेलं बोलणं, गाणं, प्रार्थना पुष्कळदा वाचतात. नवं वाक्य जुळवणं तेवढं जमत नाही. १७४५ साली स्वीडनमध्ये ओलोफ दालिन यांनी बोलता न येणाऱ्या, पण स्तोत्रं गाणाऱ्या माणसाची नोंद केली होती. १९७३ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी सुरांच्या आधारानं बोलणं शिकवण्याची पद्धत मांडली.

आम्हा घरच्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. अब्बांची अक्कल गेली, असंच आम्ही धरून चाललो. त्यांच्या खाटेपाशी बसून दुकान कुणाला विकायचं, किती घ्यायचे, हे बोलत राहिलो. ते डाव्या हातानं खाटेची पट्टी बडवत. अम्मी म्हणे, ‘त्यांना कळतंय रे.’ आम्ही ऐकलं नाही.

तेव्हा एवढं लक्षात ठेवा. तोंड अचानक वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते चालेल की नाही हे मेंदूचा फोटो काढूनच ठरतं. आणि वाचा गेलीच, तर त्या माणसाशी बोलणं सोडू नका. सावकाश बोला, हो-नाही असं उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट पाहा. शब्दांवर सहसा नुसती पाहून विसंबता येत नाही, तिथं हात पाहा, डोळे पाहा. 

ब्रोकानं प्रश्न विचारला, म्हणून लबोर्नला पंजा चार वेळा उघडता आला. अब्बांना दुकानाबद्दल आम्ही काहीच विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)